मस्टरवरचा फुटबॉल

साठ-सत्तरच्या दशकात गोव्यातल्या चांगल्या फुटबॉलपटूबद्दल पहिला प्रश्न असे, तो कोणाकडे आहे? साळगावकरांकडे, डेंपोंकडे की सेझामध्ये? या एका प्रश्नात त्याचा क्लबही कळे आणि नोकरीही. गोव्याची लीग दीर्घकाळ या जोडणीवर चालली. आज तिचा मागोवा घेताना विजेत्यांच्या यादीपेक्षा मला ही नोकरीच जास्त महत्त्वाची वाटते.

१९५१मध्ये, पोर्तुगीज अमदानीत, लीग सुरू झाली तेव्हा हे गणित अजून जुळलेलं नव्हतं. खेळ मात्र जुना होता. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज पाद्रींनी तो शिवोलीत आणला असं मानतात. चर्चच्या शाळांमधून तो गावोगाव गेला. भातकापणी उरकली की शेताचं मैदान व्हायचं आणि या वाड्याचा त्या वाड्याशी सामना लागायचा. त्यात ईर्षा भरपूर, पैसा शून्य. पोटापाण्याचं बघायचं तर मुंबई गाठावी लागे. धोबीतलावला गावकऱ्यांच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, पथारी टाकायची आणि एखाद्या कंपनीच्या संघात शिरकाव मिळतो का ते पाहायचं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोवेकर, पण त्याचा फुटबॉल मुंबईत, टाटांच्या संघात फुलला.

ही वाट बदलली ती लोहखनिजाने. खाणमालकांच्या हाती पैसा आला आणि त्यातला थोडा मैदानाकडे वळला. साळगावकरांचा क्लब १९५६चा, सेझा गोवाचा १९६५चा, आणि साठच्या दशकातच डेंपोंचा संघ उभा राहिला. वास्को क्लब तर लीगच्याच वयाचा, पण बंदराच्या गावातला तो क्लब कोणा एका घराण्याचा नव्हता. हौस, प्रतिष्ठा आणि एकमेकांवर कुरघोडी करायची इच्छा, सगळंच खाणमालकांच्या या खर्चात होतं. साळगावकर-डेंपो सामन्याला पणजीच्या बांदोडकर मैदानावर किंवा वास्कोच्या टिळक मैदानावर जी गर्दी लोटायची, तिला या दोन घराण्यांच्या चढाओढीचीही फोडणी असायची.

खेळाडूच्या बाजूने व्यवहार सरळ होता. त्याचं नाव कंपनीच्या मस्टरवर. सकाळी सराव, मग कचेरी, सामन्याच्या दिवशी सूट. आजच्या भाषेत हा अर्धव्यावसायिक फुटबॉल. पण गुडघा गेला किंवा वय झालं तरी टेबल आणि पगार शाबूत राहण्याची आशा होती. मुलगा फुटबॉलच्या नादी लागला म्हणून घरच्यांनी कपाळावर हात मारून घ्यायचे दिवस त्यामुळे सरले. चेंडू घेऊन शेतात गेलेल्या पोराला हाक मारून परत बोलावणारी आई साळगावकरांचा माणूस दारात आला की चहा ठेवायची. पुढच्या काळात आलेल्या कुठल्याही कराराने घरच्यांची इतकी समजूत घातली असेल असं मला वाटत नाही.

याचं पीक ऐंशीच्या दशकात आलं. सत्तरच्या दशकात डेंपोने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकून दाखवला होताच. १९७०पासून बांदोडकर सुवर्णचषकासाठी कोलकात्याचे बडे क्लब गोव्यात येऊ लागले आणि आपली पोरं कुठे कमी पडतात ते घरच्या मैदानावर दिसू लागलं. संतोष करंडकात १९८२-८३ला गोवा आणि बंगाल संयुक्त विजेते ठरले. पुढच्या वर्षी गोव्याने करंडक एकट्याने नेला, तोही स्पर्धेत एकही गोल न खाता. कर्णधार होता गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर, साळगावकरांचा माणूस. १९८८ आणि १९८९ला साळगावकरने फेडरेशन कप लागोपाठ जिंकला. त्याच १९८९मध्ये फातोर्ड्याचं स्टेडियम उभं राहिलं आणि नेहरू कप तिथे झाला.

दरम्यान १९८८मध्ये वार्का क्लबाचं रूपांतर चर्चिल ब्रदर्समध्ये झालं. हा खाणीचा नव्हे, राजकारणातल्या आलेमाव घराण्याचा क्लब. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीला हक्काचा मोठा संघ मिळाला आणि लीगमध्ये उत्तर-दक्षिण अशी नवी खुमारी आली.

१९९६मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि तिथून गोव्याच्या लीगचा तोल हलला, असं माझं मत आहे. वरकरणी सगळं छान चाललं होतं. १९९८-९९ला साळगावकर देशाचा विजेता झाला. मग आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि चर्चिलने २०१३पर्यंत दोन. रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियनांच्या गोलांवर गोवा खूश होता. ‘प्रोफेशनल लीग’ असं नाव मिळालेली स्थानिक लीग मात्र मोठ्या क्लबांसाठी सरावाची, राखीव खेळाडूंना खेळवण्याची जागा होऊ लागली. मस्टर गेलं, करार आले. एका मोसमाचा, फार तर दोनचा.

खालच्या पायरीवर काय चाललं होतं, त्याचा एक नमुना २००४च्या मे महिन्यातला. द्वितीय विभागात बढतीसाठी दोन क्लबांची बरोबरी होती आणि फैसला गोलफरकावर होणार होता. शेवटच्या दिवशी एका मैदानावर निकाल लागला ६१-१, दुसऱ्यावर ५५-१. म्हणजे नव्वद मिनिटांत दर दीड मिनिटाला एक गोल, त्यात प्रत्येक वेळी चेंडू मध्यावर आणून पुन्हा सुरुवात! दोन्हीकडे हरणाऱ्यांनी एकेक गोल मारलाच, त्याचं कौतुक करावं की काय कळत नाही. गोव्याच्या फुटबॉल संघटनेने चारही क्लबांवर एका वर्षाची बंदी घातली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हसून घेतलं. मला त्यात हसण्यापेक्षा वरच्या विभागात जायची धडपड दिसते. तोपर्यंत खरा मान वरच्या विभागात राहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

२०१२च्या खाणबंदीने गोव्याचा फुटबॉल बुडवला, हे सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डेंपोंनी आपल्या खाणी २००९मध्येच सेझा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकल्या होत्या, आणि त्यानंतरही त्यांच्या संघाने दोनदा देश जिंकला. घाव बसला तो लीगच्या नव्या रचनेचा. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली, एफसी गोवा हा फ्रँचायझी संघ आला आणि त्याच्या मालकांत साळगावकर-डेंपो घराण्यांतली माणसंही होती. राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगला खालच्या पायरीवर ढकलण्याचा बेत दिसू लागल्यावर २०१६मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिन्ही क्लब एकामागोमाग आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो तर त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून परतीच्या दारात उभा होता. माझ्या मते हा निर्णय रागाचा नव्हता, हिशेबाचा होता. दोन स्तरांवर पैसा ओतायचा तर कशाला?

याने स्थानिक लीगला एक अनपेक्षित फायदा झाला. या तीन क्लबांना खेळायला तीच उरली. कुडतरी, काणकोण, कळंगुट अशा गावांकडच्या पोरांना पुन्हा डेंपो, साळगावकरविरुद्ध पूर्ण ताकदीचा सामना मिळू लागला. एफसी गोवाचा विकास संघही याच लीगमध्ये उतरतो आणि सेझा अकादमीची मुलंही. डेंपो २०२४मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये पोचला, तो बहुतांशी स्थानिक पोरांच्या बळावर.

प्रेक्षक मात्र गावच्या स्पर्धांना जातात. पेडणे असो की केपे, बक्षिसाची रक्कम मोठी लागली की लीगमधलेच खेळाडू गावाच्या नावाने उतरतात. क्लबांचा त्याला विरोध असतो. दुखापत झाली तर भरपाई कोणी द्यायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण करार नऊ महिन्यांचा असेल तर उरलेल्या तीन महिन्यांत खेळाडूने खायचं काय, हा त्याचा प्रश्नही तेवढाच रास्त आहे.