हुन्नर वाचला तर बोली वाचेल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांनी पात्र सोडले, तेव्हा आपल्या सीमाभागात मदतीचा ओघही पुरासारखाच आला. बिस्किटांचे पुडे, तांदळाच्या पिशव्या, चादरी, जुन्या साड्यांचे गठ्ठे यांनी शाळांचे व्हरांडे भरून गेले. गावोगावच्या तरुण मंडळांनी रात्रीचा दिवस केला. त्यांचे उपकार कोणी विसरणार नाही, विसरूही नये.

पण त्याच दिवसांत गणेशचतुर्थी तीन-चार आठवड्यांवर आली होती. कोल्हापुरातल्या बापट कॅम्पच्या कुंभार वसाहतीत पाणी शिरले आणि रंगकामाच्या मूर्ती जागच्या जागी भिजून गेल्या. आपल्या जिल्ह्यातही कित्येक विणकरांच्या घरांत मागापर्यंत पाणी आले. कुंभाराला चादर मिळाली, विणकराला तांदूळ मिळाले. पण कुंभाराच्या साच्यांचे काय आणि विणकराच्या धोट्याचे काय, हे किती जणांनी विचारले?

भाषेसाठी राखलेल्या या जागेत पुराची कहाणी कशाला, असे काही वाचक म्हणतील. कारण सरळ आहे. सीमाभागात आपण भाषेचा विचार करतो तो शाळा, पाट्या आणि सरकारी कागद यांच्या अंगाने. तो लढा आहेच. पण भाषा हाताच्या कामातही राहते. धोटा, फणी, ताणा, बाणा, कांडी हे शब्द माग चालतो तोवरच जिवंत. आवा, थापटणे, रांजण, मोगा, सुगड हे शब्द कुंभाराचे चाक फिरते तोवरच. कारागीर पोट भरायला एखाद्या कारखान्यात पहारेकरी म्हणून गेला, की त्याच्याबरोबर शे-दोनशे शब्द मुकाट्याने गाव सोडतात. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही.

कच्छने काय केले?

संकटातून कारागिरी कशी उभी राहते, हे पाहायचे तर कच्छकडे पाहावे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी, प्रजासत्ताक दिनाचे झेंडे फडकत असताना, पावणेनऊच्या सुमारास तिथली धरणी हादरली. भुज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे मातीला मिळाली. सुमारे वीस हजार माणसे गेली.

या कच्छमध्ये धमडका नावाचे खेडे आहे. तिथले खत्री पिढ्यान्‌पिढ्या अजरख नावाचे कापड छापतात. त्यांचे पूर्वज सुमारे चारशे वर्षांपूर्वी सिंधमधून आले आणि वाहते पाणी पाहून इथे वसले, असे ते सांगतात. अजरख म्हणजे पाण्याचे काम होय. कापड धुवायचे, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे, वाळवायचे. सागवानी ठशाने चुना व डिंक यांची रेघ उठवायची. लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात मुरवून त्याचा काळा करायचा. तुरटी आणि चिंचोक्याचे पीठ लावून तिथे लाल चढवायचा. मग निळीच्या हौदात बुडी आणि पुन्हा धुणे. चौदा-पंधरा पायऱ्या झाल्यावर कापड तयार होते. हिरडा, तुरटी, चिंचोके, नीळ यांतला एक तरी शब्द आपल्या आजीला परका होता काय?

भूकंपाने धमडक्याची घरे पाडली, आणि जमिनीखालचे पाणीही बिघडले. त्यात लोहाचे प्रमाण वाढले. प्यायला ते कदाचित चालले असते, पण रंगाला चालेना. कारण या कामात काळा रंग लोखंडच देते. पाण्यातच लोह असेल तर लाल रंग मळकट होणारच. आता अशा माणसाला तुम्ही पक्के घर बांधून द्या, वर्षाचे धान्य द्या, तो कारागीर म्हणून उठेल काय? त्याचे संकट त्याच्या विहिरीत होते.

खत्री मंडळींनी ते ओळखले. बरे पाणी मिळेल अशी जमीन त्यांनी भुजजवळ शोधली आणि नवे गाव वसवले. नाव ठेवले अजरखपूर. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली, बरीच इकडे आली. या कामातले जाणते इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ठसा मारणाऱ्या हाताला मिळालेली ती पदवी होती.

कलेच्या नावावरून गावाचे नाव पडावे, ही भाषेच्या दृष्टीने केवढी गोष्ट आहे! अजरख हा शब्द अरबीतल्या निळ्या रंगाच्या शब्दावरून आला, असे जाणकार म्हणतात. कारागीर मात्र हसून वेगळे सांगतात: आज रख, म्हणजे आजचा दिवस राहू दे. रंगाला घाई चालत नाही, कापडाला दर पायरीवर विसावा द्यावा लागतो, हे त्या दोन अक्षरी शब्दांत आले. विद्वानांची व्युत्पत्ती खरी असेलही, पण कारागिराच्या व्युत्पत्तीत त्याचे सारे शास्त्र आहे.

दान आणि मान

कच्छला हे शहाणपण भूकंपाने शिकवले असे नव्हे. १९६९ च्या दुष्काळात मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धणेटी गावात गेल्या. फुकटचे अन्न घेताना तिथल्या बायका संकोचत होत्या, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याच बायकांच्या अंगावरच्या कपड्यांवर अप्रतिम भरतकाम होते. चंदाबेननी साड्या आणि दोरे दिले, भरतकाम करून घेतले, मुंबईत विकले आणि पैसे बायकांच्या हातात ठेवले. त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. अन्नछत्राच्या रांगेत उभी असलेली बाई कामाचे मोल घेऊन घरी गेली.

भूकंपानंतर याच वाटेने आणखी काही कामे उभी राहिली. भुजच्या ‘हुन्नरशाळा’ संस्थेने गवंडी, सुतार यांचे घर बांधण्याचे परंपरागत ज्ञान हाती धरले. कच्छचे गोल भुंगे भूकंपात पुष्कळसे तगले होते, मग ते ज्ञान अडाणी कसे म्हणावे? २००५ मध्ये कुकमा गावी ‘खमीर’ ही संस्था निघाली. कच्छचा काळा कापूस, म्हणजे नुसत्या पावसावर येणारे देशी वाण, तिने शेतकऱ्यापासून विणकरापर्यंत पुन्हा फिरता केला. नावे पाहा. हुन्नर आपल्याही बोलीत आहे. खमीर आपल्याकडे आंबवणाला म्हणतात. तिकडे त्याचा अर्थ अंगचा पीळ, स्वाभिमान. पिठाला फुगवते तेच माणसालाही उभे करते, असे म्हणायला हरकत नाही.

सारेच गोड झाले असे आम्ही म्हणत नाही. पाण्याची ओढ अजरखपूरलाही आहे. यंत्रावर छापलेले नकली अजरख बाजारात स्वस्त मिळते. तरीही काम चालू आहे, तरुण मुले ठसा धरतात आणि २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळाले.

याउलट आपल्या लातूर-किल्लारीकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथे पुष्कळ पैसा, पुष्कळ सद्भावना आली. अनेक गावे नव्या जागी वसली. पण बऱ्याच वसाहती शहरासारख्या सरळ ओळींच्या झाल्या. गोठा, कणगी, अंगणातले काम यांना जागा कुठे, याचा विचार कमी पडला. भिंती झाल्या, पण घरात चालणारा धंदा आराखड्यात नव्हता.

आपल्या दाराशी

आता आपल्याकडे वळू. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेचा प्रश्न न्यायालयात पडून आहे, पण रापी आणि आरी यांनी तो कधी मानलाच नाही. चपलेचे कान, अंगठा, वेणी हे शब्द निपाणीतही आहेत आणि अथणीतही. कापशी, कुरुंदवाडी ही वाणांची नावे म्हणजे गावांचीच नावे. अथणीचा कारागीर घरी कन्नड बोलत असेल, निपाणीचा मराठी. चामड्यापुढे बसल्यावर दोघांना एकमेकांचे कळते. भाषेचा अभिमान आणि शेजाऱ्याचा द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण व्यासपीठावर विसरतो. कारागीर विसरत नाही.

नद्या पुन्हा पात्र सोडणार. २०२१ च्या जुलैमध्ये त्यांनी ते दाखवलेच. तेव्हा आमचे तरुण मंडळांना, ग्रामपंचायतींना आणि शाळांना चार गोष्टींचे सांगणे आहे.

पहिली, पावसाळ्याआधी गावातल्या कारागिरांची यादी करा. कोणाकडे कोणते हत्यार, ते पाण्यापासून कुठे उचलून ठेवता येईल, हे लिहून ठेवा. मूर्तीचे साचे आणि मागाची फणी ठेवायला देवळाचा माळा किंवा शाळेची वरची खोली आधीच सांगून ठेवा.

दुसरी, मदतीच्या पैशातला एक हिस्सा हत्यारासाठी आणि कच्च्या मालासाठी बाजूला काढा. सूत, चामडे, माती, जळण यांची गरज धान्याइतकीच पहिल्या महिन्यात असते.

तिसरी, पूर ओसरला की काम सांगा आणि विसार द्या. गावच्या शाळेला पाण्याचे रांजण लागतात, लग्नघराला चपला लागतात, मंडळाला पुढच्या वर्षीची मूर्ती लागते. ते आजच सांगितले तर कारागिराला आपण भीक घातली असे होत नाही; आपण गिऱ्हाईक राहतो, तो धनी राहतो.

चौथी गोष्ट मराठी शाळांच्या गुरुजी-बाईंना. मुलांना एका शनिवारी वही घेऊन कुंभाराकडे, विणकराकडे, चप्पल करणाऱ्या काकांकडे पाठवा. हे काय, ते काय, असे विचारून शब्द लिहून आणू द्या. पाठ्यपुस्तकात न सापडणारी मराठी त्या वहीत येईल.

धान्याची गोणी महिन्यात रिकामी होते. धोटा चालू राहिला तर तो घर चालवतो, आणि त्याच्या खटखटीबरोबर आपले शब्दही पुढच्या पिढीच्या कानावर पडत राहतात. पुढच्या पुरात चादरी जरूर वाटू या. मात्र चादर देताना एवढे विचारायला विसरू नये: काका, तुमचा माग कधी सुरू होईल, आणि त्यासाठी आम्ही काय आणू?