वर्षाची वेगळी खतावणी

आपल्या घरांतून वर्ष बदलते ते दिवाळीच्या पाडव्याला. मी आयुष्यभर बँकेची नोकरी केली, तरी वडिलांची राळेगावातील पेढी आणि वहीपूजनाचा तो कुंकवाचा वास मनातून गेला नाही. निवृत्तीनंतर मीही पाडव्याला नवी वही घालू लागलो. तीत पैशाचा व्यवहार नसतो. वाचलेली पुस्तके व पाहिलेले चित्रपट यांची तेवढी नोंद असते. यंदा पुस्तके १९ आणि चित्रपट ११ भरले. त्यांतील निम्म्यांची आज नावेच उरली आहेत. दोन नोंदी मात्र पुसल्या जाणार नाहीत.

पहिली बनारसीदासांच्या ‘अर्धकथानका’ची. चातुर्मासात ते हाती आले. १५८६ साली जौनपुरात जन्मलेल्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली आग्र्यात स्वतःचे चरित्र पद्यात लिहिले. माणसाचे आयुष्य ११० वर्षांचे धरून, ५५ वर्षांची ती अर्धी कथा. अकबराच्या निधनाची वार्ता ऐकून लेखक जिन्यावरून कोसळतो, शहरात दुकाने बंद होतात, लोक चीजवस्तू पुरून ठेवतात. इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारी ही बाजू आहे. परंतु मला अधिक भावली ती त्याची बुडीत खाती. व्यापारात वारंवार खोट आली, तारुण्यात रचलेले शृंगारकाव्य त्याने स्वतःच गोमतीत सोडले, नऊ अपत्ये झाली आणि एकही वाचले नाही. हे सारे तो लपवाछपवी न करता मांडतो. आग्र्यात खिसा रिकामा असताना तो रात्री चार लोकांना कथाकाव्ये वाचून दाखवी. ऐकायला येणाऱ्या एका कचोरीवाल्याने त्याला कित्येक महिने उधारीवर खाऊ घातले. तारण काही नाही, जामीनदार नाही! माझ्या शाखेत असा प्रस्ताव आला असता तर मी तो त्याच दिवशी परत केला असता.

हे वाक्य मी वहीत गमतीने लिहिले होते. पुढे दोनच महिन्यांनी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहिला आणि गंमत उरली नाही.

हा चित्रपट २००९ सालचा. तेव्हा मी सेवेत होतो आणि मुद्दाम पाहिला नव्हता. दिवसभर तेच पाहून घरी पुन्हा तेच कशाला, असे वाटे. यंदा नातवाने दूरचित्रवाणीवर लावून दिला. विदर्भातला कापूस पेरणारा किसना. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यापासून त्याच्या पत्नीच्या मनात धास्ती बसते आणि ती आपल्या लहानग्या मुलाला बापाच्या मागेमागे पाठवू लागते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी कुठेही आक्रोश केलेला नाही. प्रसंगी हसूही येते.

मला हसता आले नाही. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्या सुमारास एक शेतकरी माझ्या टेबलाशी तीन-चार वेळा आला होता. जुने पीककर्ज थकीत, त्यामुळे नवे नियमात बसत नव्हते. दर वेळी आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्याला चिकटून उभा असे. एकदा मी त्या मुलालाच दटावले, “शाळा का रे बुडवतोस?” तो बापाकडे पाहत राहिला. बाप म्हणाला, “मायनं धाडलं, साहेब.” मी अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा मारला. नियमाने तो शेरा आजही बरोबरच ठरेल.

पुढे त्या माणसाचे काय झाले, याची मी कधी चौकशी केली नाही. बदली झाली, खाते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. आपल्यापैकी अनेकांची बियाण्याखताची दुकाने आहेत, जिनिंग आहेत. उधारीच्या पानावर अशी नावे आपणही रोज वाचतो. त्या नावासोबत कोण उभे आहे, हे पान सांगत नाही.

त्या शेतकऱ्याचे गाव माझ्या लक्षात आहे, इथून फार दूर नाही. पाडव्याला नवी वही घातली, तेव्हा पहिल्या पानावर पुस्तकाऐवजी त्या गावाचे नाव लिहिले आहे.