नियोजित शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे वजन

शस्त्रक्रियेची तारीख ठरते, घरची माणसे रजा काढतात, पैशांची जुळवाजुळव होते आणि तपासणीनंतर डॉक्टर सांगतात, "वजनाचा प्रश्न आहे, थोडे थांबू." मग नातेवाईक आमच्या कार्यालयात येऊन विचारतात, "दुखणे गुडघ्याचे, त्यात वजनाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर येथे देत आहोत.

वजन नेहमी उंचीच्या तुलनेत पाहावे लागते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 'बॉडी मास इंडेक्स' मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो असल्यास तो २५ येतो. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी येथील लोकांसाठी २५ पासून स्थूलता मानावी, अशी शिफारस केली. केवळ या आकड्यावरून कोणाची शस्त्रक्रिया थांबविली जात नाही. परंतु स्थूलता फार असल्यास चरबीच्या थरातील अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे जखम चिघळण्याचा संभव वाढतो, भूल देताना व त्यानंतर श्वसनास अडथळा येऊ शकतो, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय वाढते.

कृश रुग्णाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा आकडा १८.५ पेक्षा कमी असणे हेही काळजीचेच लक्षण होय. जखम भरून येण्यास प्रथिने लागतात. आहारातून ती मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचेच स्नायू झिजविते व जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती घटते.

म्हणूनच तारीख जवळ आली की उपास करून वजन उतरविण्याची घाई करू नये. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. डाळी, दूध, चालत असल्यास अंडी, झेपेल तेवढे चालणे, श्वसनाचे व्यायाम आणि तंबाखूचा त्याग, हीच खरी पूर्वतयारी. तातडीची शस्त्रक्रिया वजनासाठी थांबविली जात नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

आम्ही हिशेबाची माणसे. जखम चिघळली की रुग्णाचा मुक्काम लांबतो, सोबत राहणाऱ्याची मजुरी बुडते आणि दुसऱ्या गरजूची खाट अडते, हे आम्ही रोज पाहतो. शस्त्रक्रियेसाठी साह्य करणाऱ्या देणगीदारांनी तिच्या आधीच्या काही आठवड्यांच्या सकस आहाराचाही विचार करावा, ही नम्र विनंती.