मार्गशीर्षाची तयारी

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, सातारा गावात, खंडोबाचं जुनं देऊळ आहे. चंपाषष्ठीला तिथे यात्रा भरते. त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी दत्तजयंती येते आणि नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोडेबाजार उभा राहतो. महिना सरता सरता नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. तिथे घोडे, गाढवं आणि उंट असा तिन्ही जनावरांचा बाजार. हे सगळं एका मार्गशीर्षात. मराठवाड्यातल्या ज्या घरांना घोड्याची हौस आहे, त्यांचं उरलेलं वर्ष या महिन्याकडे तोंड करून उभं असतं.

प्रदर्शनाच्या रिंगणात एका कोवळ्या घोड्याच्या वाट्याला काही मिनिटं येतात. पण घोडा घडतो किंवा बिघडतो तो त्याआधीच्या अडीच-तीन वर्षांत, घराच्या मागच्या तबेल्यात.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्रीच विते. दिवस भरत आले की घरातलं कुणीतरी जागं राहतं. शिंगरू तासा-दोन तासांत लटपटत उभं राहतं आणि कासेला लागतं. ते लागलं नाही तर धावपळ सुरू होते. घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातून मिळते. आणि ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद एका दिवसात संपते. त्यामुळे पहिल्या काही तासांतला चीक हाच खरा विमा. नाळेला आयोडीन लावायचं तेही त्याच रात्री.

घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून त्याची लस चुकवून चालत नाही. माणसाला वाचवणारी धनुर्वाताची लस-औषधं या देशात मुबलक झाली, त्यामागेही घोडे पाळणारं एक घर आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाने १९४६ साली शर्यतीच्या घोड्यांचा स्टड फार्म सुरू केला. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात आणि त्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार होई. ते आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

शिंगराचं शिक्षण लगामापासून सुरू होत नाही, हातापासून होतं. पहिल्या आठवड्यांत त्याच्या कानांवरून, पाठीवरून, पोटाखालून रोज हात फिरवायचा. चारही पाय एकेक करून उचलायचे आणि खुरावर बोटांनी ठोकायचं. पुढे नालबंदाच्या हातोडीला ते बिचकत नाही, ते या ठोकण्यामुळे. मग मोरकी, मग आईच्या शेजारून दोरीवर चालणं. या कामात घरातली शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा सरस ठरतात, कारण त्यांना घाई नसते. सहाव्या महिन्याच्या सुमारास दूध तोडतात. तेव्हा सोबतीला दुसरं शिंगरू असेल तर रडणं, चारा टाकणं, दाव्याला ओढ घेणं पुष्कळ कमी होतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र मोठी माणसंच चुकतात. कडबा, लसूणघास आणि बेताची चंदी एवढ्यावर वाढतं जनावर उत्तम पोसलं जातं. पण मार्गशीर्ष जवळ आला की अंगावर तुकतुकी दिसावी म्हणून हरभरा, गूळ, तूप यांचा मारा होतो. दाण्याचा अतिरेक पोटशूळ आणतो आणि वाढत्या हाडांच्या सांध्यांना सूज आणतो. परीक्षकाला पाय बघायचे असतात आणि ते सरळ हवेत. मांसाचा थर चढवून वाकडा पाय सरळ होत नाही. चमक आणायची तर रोज खरारा करावा. त्याला पैसे पडत नाहीत, तासभर मेहनत पडते.

वयाचा हिशेब बाजारात तोंड उघडून होतो. दुधाचे दात असलेलं जनावर ‘अदंत’. साधारण अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के दात येतात, साडेतीनला चार, साडेचारला सहा, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. स्पर्धांचे गटही अदंत, दोन दात असेच पडतात. अदंत गटात घोडा नुसता हातात धरून दाखवतात, पाठीवर कुणी बसत नाही. या गटाइतकी शहाणपणाची गोष्ट साऱ्या बाजारात दुसरी नाही. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या हाडाचं वाढीचं टोक भरायला जवळजवळ अडीच वर्षं लागतात, पाठीच्या मणक्यांना पाच. त्याआधी भारी स्वार बसवला तर घोडा पुढे लंगडण्याचा धोका असतो.

चाबूकस्वार हा या धंद्यातला गुरू. त्याच्या नावात चाबूक असला, तरी चांगल्या चाबूकस्वाराच्या हाती तो दिशा दाखवण्यापुरता असतो. लांब दोरावर दोन्ही बाजूंनी चक्कर, तीही कोवळ्या वयात थोडा वेळच. मग रिकामं खोगीर, मग हलका स्वार. पुष्कळ मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत ‘रवाल’ चाल उपजत असते: एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात आणि स्वाराला धक्का जाणवत नाही. चाबूकस्वार ती शिकवत नाही, ओळखतो आणि पक्की करतो.

नाचकाम वेगळं. वरातीत हलगीवर नाचणाऱ्या घोड्याला मागणी आहे आणि बाजारात त्याच्याभोवती गर्दी असते. तालावर पाय उचलायला महिनोन्महिने खपून शिकवणारे आहेत, तसे तोंडात काटेरी लगाम घालून दोन खांबांमध्ये जखडणारेही आहेत. स्वारीच्या किंवा ओझ्याच्या जनावराला काटेरी लगाम घालायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. जिभेवर जखमा असलेला घोडा कितीही सुंदर नाचला, तरी त्याला बक्षीस देऊ नये.

खरेदीदार पायांच्या आधी भोवरे बघतात. देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का, यावर किंमत चढते-उतरते. ही श्रद्धा जुनी आहे आणि हौसेने जपली जाते. पण केसांच्या भोवऱ्याचा पायाच्या हाडाशी संबंध नाही, आणि घोडा चालतो पायांवर.

या मुलखाला घोडा नवा नाही. वेरूळचे भोसले घोड्यांवरच मोठे झाले. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना हरवलं, ते चपळ घोडदळाच्या बळावर. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढत होते. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि खूर यांना त्या व्यवस्थेने स्वाराइतकीच किंमत दिली होती. आज तालुक्याच्या गावी जाणता नालबंद शोधावा लागतो.

कारण घोडेच कमी झालेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते, २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजार उरले. दख्खनचा स्वतःचा घोडा, भीमथडी, याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. देशातल्या नोंदलेल्या देशी जातींत तो आठवा. ठेंगणा, काटक, थोडक्या चाऱ्यावर निभावणारा. मारवाडीच्या उंचीशेजारी आणि वळलेल्या कानांशेजारी उभा केला तर तो नेहमीच मागे पडेल, म्हणून त्याला त्याच्या गुणांवर, चढावर आणि लांब पल्ल्यावर जोखायला हवं.

बाजाराला निघण्याआधी रक्ताचा नमुना द्यावा. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि त्याचा निष्कर्ष हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पक्का होतो. रोग निघाला तर जनावर मारावंच लागतं, म्हणून काही मालक तपासणी टाळतात. शेजारच्या दाव्यावर बांधलेल्या शिंगरांवर आणि त्यांना खरारा करणाऱ्या पोरांवर हा सरळ अन्याय आहे.

यात्रा उरकून घरी परतलं की दोन-तीन महिन्यांत, दिवस मोठे होऊ लागताच, घोडी माजावर येते. तेव्हा कोणता नर लावला, कोणत्या तारखेला लावला, त्याची आई कोण होती, हे वहीत लिहून ठेवणारी घरं वाढताहेत. शिंगराच्या मानेत मायक्रोचिप बसवून घेणारीही आहेत. सारंगखेड्याला पुढे ज्याची किंमत ठरायची, त्या घोड्याची पहिली ओळ त्या वहीत फाल्गुन-चैत्रात लिहिली जाते.