खिडक्या नक्की कोण सांभाळतं?

शेजारच्या खोलीतल्या मित्राशी चहाची पैज लागली होती. तो म्हणाला, "लिनक्स आहे ना, मग माझा पासवर्ड कोण बघणार?" मी माझ्या पीसीवर एका कोपऱ्यात टर्मिनल उघडलं, एक्सइनपुटची एक ओळ चालवली आणि त्याला ब्राउझरमध्ये काहीही टाइप करायला सांगितलं. इकडे आकडे धावायला लागले. ३८ म्हणजे ए, ५६ म्हणजे बी. रूटचे अधिकार लागले नाहीत, हॅकिंग नाही, काही नाही. चहा मिळाला, पण माझीच झोप उडाली!

आता हे का होतं ते बघू. लिनक्सवर वर्षानुवर्षं खिडक्या सांभाळत आलंय ते 'एक्स'. १९८४ साली एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ते सुरू केलं. १९८७ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती आली, ती आजही अकरावीच आहे. (आपल्यातल्या काहींचे बॅकलॉगसुद्धा इतके रेंगाळत नाहीत.) यात सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो, कारण पडदा, कीबोर्ड आणि माउस तो पुरवतो. प्रोग्रॅम हे त्याचे क्लायंट, मग ते लॅबमधल्या मशीनवर का चालत असेनात. व्हायव्हात इथे भल्याभल्यांची गाडी उलटी जाते.

सगळे प्रोग्रॅम घरचेच, असं एक्स धरून चालतं. कोणताही क्लायंट दुसऱ्याच्या खिडकीचं चित्र मागू शकतो, कळा ऐकू शकतो. म्हणजे गेटवर वॉचमनच्या टेबलावर सगळ्यांची पत्रं पसरलेली, ज्याला हवं त्याने उचलून वाचावं.

वेलँड २००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग याने सुरू केलं. हा एखादा प्रोग्रॅम नाही, प्रोटोकॉल आहे. प्रत्येक प्रोग्रॅम आपली खिडकी आपल्याच मेमरीत रंगवतो आणि तयार चित्र कंपोझिटरच्या हाती देतो. कंपोझिटर सगळी चित्रं जुळवून पूर्ण फ्रेम पडद्यावर पाठवतो. त्यामुळे सिनेमा बघताना चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं, तो प्रकार सहसा होत नाही. कळ दाबली की ती फक्त फोकस असलेल्या खिडकीला मिळते. इथला वॉचमन नाव विचारून ज्याचं पत्र त्याच्याच हातात देतो.

मी डेबियनवर 'स्वे' नावाचा कंपोझिटर टाकला. त्याची १.० आवृत्ती २०१९ मधली. टाकणं सोपं आहे, लॉगिनच्या पडद्यावर सेशनच्या यादीत त्याचं नाव येतं. पण आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं नुसती भिंत! मेनू नाही, आयकॉन नाहीत. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एंटर म्हणजे टर्मिनल, तीच कळ आणि डी म्हणजे प्रोग्रॅमची यादी, आणि तीच कळ, शिफ्ट आणि ई म्हणजे बाहेर. ही तिसरी जोडी आधी पाठ करा. खिडक्या एकमेकींवर पडत नाहीत, शेजारी शेजारी बसतात. रिपोर्ट आणि कोड समोरासमोर ठेवायला याच्यासारखं सुख नाही.

मग भोग सुरू झाले. कळा आपोआप दाबणारी माझी स्क्रिप्ट मेली. साहजिकच आहे, ज्या दारातून चोर येत होता त्याच दारातून तीही येत होती. जुनं स्क्रीनशॉटचं टूल काळं चित्र द्यायला लागलं, त्याऐवजी 'ग्रिम' घेतलं. मराठी इनस्क्रिप्टसाठी सेटएक्सकेबीमॅपची सवय होती, ती इथे चालेना. लेआउट स्वेच्या कॉन्फिगमध्येच लिहावा लागतो. या एका गोष्टीत माझा अख्खा रविवार गेला!

जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडमधून चालतात. लॅबच्या मशीनवरचा प्लॉट एसएसएचने खोलीत दिसतो तो त्यामुळेच. पण एक ध्यानात ठेवा, एक्सवेलँडमधले प्रोग्रॅम एकमेकांच्या कळा अजूनही ऐकू शकतात. म्हणून ब्राउझर वेलँडवरच चालतोय ना, ते तपासा.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या नोम ४९ ने एक्सचं सेशन मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवलं, म्हणजे आज ना उद्या सगळ्यांनाच या वाटेने जायचं आहे. ज्याला करून बघायचंय त्याने जुनं सेशन काढू नये, दोन्ही शेजारी राहू द्यावीत. आणि सबमिशनच्या आठवड्यात तर मुळीच हात लावू नये.