कोनफळ झोपलंय, तोवर विका!

उंधियूच्या सीझनला कोनफळ विकायचं ठरवताय? की वेफर्स करायचे आहेत? मग पॅकिंग आणि लेबलच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या गोदामातला हा माल जिवंत असतो.

काढणीनंतर साधारण दोन ते चार महिने कोनफळाला कोंब येत नाही. याला सुप्तावस्था म्हणतात. म्हणजे कंद झोपलेला असतो, श्वास हळू चालतो. झोप मोडली की आतल्या स्टार्चची साखर होते, ती कोंब खातो, पाणी उडतं आणि वजन घटतं. आपण विकतो ते वजनच ना!

हिशोब बघा. 60 रुपयांनी 100 किलो घेतलं, 6,000 रुपये गेले. त्यातलं 10 किलो वजन घटलं, तर उरलेला माल तुम्हाला किलोला जवळपास 67 रुपयांना पडला. हा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही.

मग ही झोप टिकते कशामुळे? 1972 मध्ये जपानी संशोधकांनी चिनी कोनफळाच्या वेलावरच्या छोट्या कंदांत झोप आणणारी द्रव्यं शोधली. त्यांना बटाटासिन म्हणतात. दुसरं, वेगळं द्रव्य म्हणजे जिबरेलिन, द्राक्षवाल्यांचं ‘जीए’. गंमत अशी, की जिबरेलिनने बटाटा लवकर जागा होतो, पण कोनफळ उलट जास्त झोपतं! म्हणून बटाट्याचे सल्ले इथे आंधळेपणाने लावू नका. आणि खायच्या मालावर मनाने कुठलंही औषध फवारू नका.

मग करायचं काय?

1. घेताना काढणीची तारीख विचारा आणि क्रेटवर लिहा. झोपेचं घड्याळ तुमच्या खरेदीपासून नाही, शेतातून सुरू झालंय.
2. कापलेला, खरचटलेला माल वेगळा काढा, आधी विका.
3. सावलीत, वारा लागेल असा पसरून ठेवा. सर्वांत जास्त कोनफळवर्गीय कंद पिकवणाऱ्या नायजेरियात शेतकरी ते सावलीत उभ्या काठ्यांना बांधून ठेवतात.
4. फ्रिजमध्ये नको. 12 अंशांखाली कंद आतून खराब होतो.
5. दर आठवड्याला तपासा, कोंब दिसला की खुडा.

डिसेंबर-जानेवारीत काढलेला माल मार्च-एप्रिलपर्यंत जागा होऊ लागतो. त्याआधी किती किलो खपेल, तेवढाच उचला. स्वस्त मिळालं म्हणून गोदाम भरणं म्हणजे धंदा नव्हे!