मंडपेश्वर: लेणं की चर्च?

दादरहून लोकलने बोरिवलीला उतरलं की जवळच टेकडीत कोरलेलं मंडपेश्वर लेणं आहे. सुमारे ६व्या शतकातलं, शैव. नटराजाचं शिल्प आजही दिसतं. १६व्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी त्याचंच चर्च केलं. आत एका भिंतीवर कोरलेला क्रूस आहे, वर टेकडीवर जुन्या इमारतीचे अवशेष. १७३९ च्या सुमारास साष्टी मराठ्यांकडे आली. आज आत पुन्हा शिवपूजा होते.

आम्ही गेलो तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, मग ही जागा नेमकी कुणाची?" आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. मालकी कागदावर ठरते, अर्थ नाही. छिन्नीला आधीचं सगळं पुसता आलं नाही, म्हणून आपल्याला दोन्ही वाचता येतं. एकच वाचायचं ठरवलं, तर उरलेलं आपणच पुसतो.